साडूच्या लेनवरचा सुंदर बॉल

"बॉल काय, कोणीही टाकतो. लेन वाचणारा लाखात एक," असं चष्म्यांचं दुकान चालवणारे चष्मेवाले म्हणत, तेव्हा तो एक कोण हे विचारायची सोय नसे. त्यांच्या साडूला लेन अजिबात वाचता येत नव्हती. तो नुसताच जिंकत असे.

लाकडी लेनवरून बॉल घरंगळवून दहा पिना पाडायच्या, त्या बोलिंगच्या क्लबच्या संघात यंदा एकच जागा रिकामी होती. रविवारी चष्मेवाले आणि साडू, दोघांनी शेजारशेजारच्या लेनवर खेळायचं, साडूने उजवीकडच्या. ज्याचे गुण जास्त, त्याची जागा. चष्मेवाले सहा वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होते.

क्लबच्या नव्या लेनवर तेलाचा थर जाड. गुळगुळीत बॉल त्यावरून नाकासमोर घसरत जातो, वळायचं नाव घेत नाही. त्याला पकड हवी. म्हणून आठवडाभर चष्मेवाल्यांनी दुकानातल्या बारीक पॉलिश-पेपरने बॉल घासून खरखरीत केला. घासता घासता तंद्री लागे. लेन म्हणजे दुपारचं निवांत तळं. बॉल होडीसारखा निघतो, पलीकडच्या काठाशी अलगद डावीकडे वळतो आणि दहाही पिना झोप आल्यासारख्या आडव्या होतात. या तंद्रीत दोन गिऱ्हाइकांचे चष्मे अदलाबदल झाले. दोघेही खूश होते.

रविवारी पहिला बॉल सरळ लेनच्या कडेच्या उजव्या नाल्यात गेला.

"लेन जड आहे आज," चष्मेवाले पुटपुटले.

"जपून हं साडूभाऊ, उचलायला जाऊ नका," साडू म्हणाला.

बॉल उजवीकडे चुकला, तर आपणही उजवीकडे सरकायचं, हा नियम. ते लेनच्या दोन फळ्या सरकले. पुन्हा नाला. आणखी दोन.

बाकावरून बायको म्हणाली, "अहो, छान सरळ जातोय की."

"अगं, सरळ जायला नकोय."

"मग आधी सांगायचं. सकाळी तासभर लाकडाचं पॉलिश लावून आरसा केलाय त्याचा मी. किती ओरखडे ते, चारचौघांत न्यायचा होता."

चष्मेवाल्यांनी बॉलमध्ये पाहिलं. बॉलमधून त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे पाहत होता. पण खरा जाणकार साधनावर अडत नाही. ते सरकत राहिले. शेवटच्या बॉलला त्यांनी डोळे मिटले. तळं दिसलं, होडी दिसली. हात सुटला.

डोळे उघडले, तर दहाही पिना आडव्या.

फक्त त्या साडूच्या होत्या. सरकता सरकता चष्मेवाले त्याच्या लेनवर पोचले होते, आणि फलकावरचे गुण साडूच्या नावापुढे चढले होते.

"यंत्राने लिहिलं ते लिहिलं," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

साडूने त्यांचा हात हातात घेतला. "साडूभाऊ, माझ्या जन्मातला सर्वांत सुंदर बॉल तुम्ही टाकलात."

संघातली जागा भरली. चष्मेवाले बॉल पोटाशी धरून जिना उतरले. बायको मागोमाग उतरली. मग हळूच म्हणाली,

"अहो, आता हा रिकामाच असेल, तर बाल्कनीच्या दाराला लावू का? वाऱ्याने फार आपटतं."