अस्तर लावलेला स्टँड

"विकतचा? माझ्या घरात विकतचा स्टँड?" टेलरमास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली. "अगं, पोट सुटलेल्या माणसाला रुबाबदार दिसेल असा कोट शिवतो मी! वाजवताना समोर सुरांचे चार कागद धरणारा लाकडी स्टँड करायला मला काय धाड भरलीय?"

"लोखंडी मिळतो," बायको म्हणाली. "वरखाली होतो."

"माझाही होईल! असा होईल की बघत राहशील!"

बायकोने यंदा पुन्हा व्हायोलिनची शिकवणी लावली होती, आणि पुढच्या रविवारी ग्रंथालयाच्या हॉलमध्ये तिला ते वाजवायचं होतं. चार लोकांसमोर, तब्बल बावीस वर्षांनी! आणि ती बावीस वर्षं कुठे गेली, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ते सहज बोलून गेले होते, "तू आत वाजवायला लागलीस की बाहेर गिऱ्हाईक दचकतं गं. छातीचं माप दीड इंच जास्त येतं." झालं! व्हायोलिन कपाटावर गेलं आणि ती पायमशीनवर बसली. मास्तरांना त्याचं फार वाईट वाटायचं. पण "चुकलं" हा शब्द काही केल्या त्यांच्या तोंडून निघत नसे. म्हणून हा स्टँडचा घाट.

शेजारच्या सुताराने विचारलं, "मी करून देऊ?"

"तू फक्त लाकूड दे!"

बेत सोपा होता. खाली चौकोनी पोकळ खांब, त्यात सरकणारी दांडी, वर कागद ठेवायची फळी, आणि दांडी हवी तिथे थांबवायला बाहेरून आवळायचा स्क्रू. मास्तरांनी लाकडावर खडूने झोकात रेघा मारल्या. मारताना हाताच्या सवयीने खांबाच्या प्रत्येक फळीला अर्धा इंच जास्त सोडला. शिलाईत जातो ना!

"मास्तर, लाकडाला शिलाई कुठे असते?" सुताराने विचारलं. तोवर कापून झालं होतं.

जोडल्यावर दांडी खांबात अशी खुळखुळायला लागली, की जणू थोरल्या भावाची पँट घातलेलं पोर! दुसरा कुणी असता तर नव्याने कापलं असतं. मास्तर म्हणाले, "आल्टर करू." एका नवरदेवाच्या कोटातून उरलेलं निळं सॅटिन होतं. त्याच्या घड्या घालून त्यांनी खांबाला आतून अस्तर लावलं. अगदी सुबक, एक सुरकुती नाही! आता दांडी चपखल बसली आणि एका बोटाने वरखाली व्हायला लागली.

"बघ! लोखंडी सरकतो का असा?"

सुताराने डोकं खाजवलं. "सरकतो झकास. थांबतो का पण?"

"स्क्रू कशाला आहे मग!"

घरी दोन कागद ठेवून पाहिले तेव्हा थांबला. पण रविवारी व्हायोलिनच्या शिक्षिकेने, कागद उडू नयेत म्हणून, ते जाड पुठ्ठ्यावर चिकटवून आणले.

बायकोने हनुवटीखाली व्हायोलिन धरलं. पहिले सूर जरा कापरेच आले, मग सावरले. पहिल्या रांगेत मास्तरांची छाती फुगली. तेवढ्यात फळी बोटभर खाली आली. बायको बोटभर वाकली. फळी वीतभर उतरली. बायको वीतभर वाकली.

"काय तल्लीन झाल्यात हो!" मागून कुणीतरी म्हणालं.

फळी गुडघ्यापाशी आली तेव्हा दोघाचौघांनी डोळेसुद्धा पुसले! मास्तरांना मात्र घाम फुटला. ते वाकून मंचावर धावले आणि स्क्रू जीव खाऊन पिळला. स्क्रू हातात आला!

मग उरलं काय? स्टँडमागे गुडघे टेकून त्यांनी दोन्ही हातांनी फळी उचलून धरली. बायकोचा तारांवरचा गज थांबला नाही. फक्त ओठ हलले.

"वर."

मास्तरांनी फळी वर नेली.

"अजून. बास. हलू नका."

तीस वर्षं मास्तर हे गिऱ्हाइकांना सांगत आले होते. आता ते स्वतः हलले नाहीत. खांदे भरून आले, मिशीला खाज सुटली, तरी नाही.

फळीखालून त्यांना बायकोचं फक्त एक पाऊल दिसत होतं. ते ताल धरत होतं. तीनदा टेकायचं, थांबायचं, मग भरभर चालायचं. पुन्हा तीनदा, पुन्हा थांबायचं. हा ताल मास्तरांच्या ओळखीचा होता. पायमशीन बावीस वर्षं अशीच तर चालत होती! आणि ते दर वेळी बाहेरून ओरडायचे, "मध्येच थांबतेस कशाला? शिलाई वाकडी जाते!"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

टाळ्या भरपूर पडल्या. घरी जाताना बायकोकडे व्हायोलिनची पेटी आणि मास्तरांच्या काखेत स्टँड. कोपऱ्यावर ते अचानक थांबले.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

बायकोही थांबली. त्यांच्याकडे बघत राहिली. "काय चुकलं?"

सगळं अगदी जिभेवर आलं होतं. ते कपाट, ती मशीन, ते ओरडणं. मास्तरांनी घसा खाकरला.

"अस्तर लावायला नको होतं."

"एवढंच?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी स्टँड या काखेतून त्या काखेत घेतला.

"स्क्रूही जरा मोठा हवा होता."