हिला चालता येतं का?

मोटरसायकल घ्यायला गेलेला माणूस काय इचारतो? पळती किती आन अ‍ॅव्हरेज किती देती. आमचे कांतीशेठ पैलं गाडीच्या मागं जाऊन वाकायचे. मागची लाल लाईट लावायला सांगायचे, पन्नास पावलं लांब जाऊन डोळे बारीक करून बघायचे, आन परत येऊन इचारायचे, "पळतात सगळ्याच. हिला चालता येतं का?"

नारायणगावचा शोरूमवाला म्हणला म्हणं, शेठ, चालायचंच आसंल तर गाडी कशाला घेता.

शेठचं बेल्ह्यात कापडाचं दुकान, आन दुकानाच्या मागच्या खोलीत आमी भाड्यानं. आजबी तिथंच हाय. पर हे दोन हजार सालाच्या मागंपुढंचं मी सांगते ते आइकलं तर तुमी म्हणाल, ही बाई त्या खोलीत अजून कशी. माझी सातवी झाली आन लगीन लागलं, पोरगा सोन्या तवा वरसाचा, कडेवरनं उतरत न्हवता, आन मी अशी भित्री की दारात नवीन चप्पल दिसली तरी आतनं कडी लावायची.

शेठ एकटे. बायको कवाच वारलेली. एक पोरगी व्हती म्हणं, मामाकडं गुजरातेत वाढली, पर शेठ तिचं नाव घेत न्हवते. शेजारची कमळाआक्का डोळे मोठे करून सांगायची, "बाप जिचं नाव घेत न्हाई ती काय करून गेली आसंल, तूच समज." मी समजले. मला असलं लगीच समजतं.

तर गाडी. शेठला लांबच्या पल्ल्याची पायजे व्हती. किती लांब, तर हजार किलोमीटर, दीड हजारबी. कुठं जायचं, तर "बघू". आता तुमीच सांगा, ज्याला सांगता येत न्हाई कुठं जायचं, त्याचं काय खरं आसतं का? पन्नाशीचा माणूस, बुटका, वजनाला कापूस, दर आठवड्याला येगळी गाडी मागून आणायचा. एक उंच निघाली, पाय टेकंनात. एक हलकी, हळू केली की डुलायची. एक पळायला झ्याक, पर दहा मिन्टं हळू चालवली की इंजन तापून गप. सोमवारच्या बैलबाजाराला यापारी फटफट्या घेऊन यायचे, शेठ त्यांच्याबी फिरवून बघायचे. बैल घेताना कासरा धरून हळू चालवत्यात, पाय कसा टाकतो ते मागनं बघत्यात, शेठची तीच रीत. आणे गावचा एक यापारी म्हणला, शेठ, तिचं दात बी बघा. शेठ खरंच वाकले, पर सायलेन्सरात. मुंगी हाय का म्हणून. बसायच्या आधी मऊ फडक्यानं सीट झाडायची, चाकाखाली बघायचं, मुंग्यांची वळ आसली तर ती सरेस्तवर थांबायचं. मुंग्या पलीकडच्या गल्लीत पोचायच्या, शेठ अजून दारात.

हितवर मलाबी हसू यायचं. मग ते माझ्या मागं यायला लागले.

आमच्या मालकांचं, म्हंजे सोन्याच्या बापाचं, आण्याच्या रस्त्याला पंक्चरचं दुकान. रोज दहा वाजता सोन्याला कडेवर घेऊन मी त्यांची भाकरी घेऊन जायची, अर्ध्या तासाची वाट, झाडं थोडी, माणूस त्याहून थोडं. एक दिस मागनं धुक धुक धुक आवाज. मला वाटलं, जाईल पुढं. जाईना. मी थांबले, आवाज थांबला. मी चालले, आवाज चालला. वळून बघितलं तर पन्नास पावलांवर कांतीशेठ, दोनी पाय रस्त्यावर घासत, नजर माझ्या पायाकडं. माझ्या पायाकडं! माझं काळीज सोन्याच्या अंगावरनं मला आइकू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी बी. तिसऱ्या दिवशी येगळी गाडी, माणूस तोच. मी पळाले तर शेठ बारीक तोंड करून थांबले, जसं काय मीच त्यांचं कायतरी बिघडवलं.

कमळाआक्का म्हणली, "बया, शेठनं तुझी वरात काढलीय का?" आन मग ते समद्या आळीनं आइकलं. मालकांनी पैलं मलाच येडी म्हणलं, शेठ देवमाणूस हाय म्हणले. मग चार दिवसांनी जेवताना ताटाकडंच बघत इचारलं, आज आला व्हता का मागं? दुसऱ्या दिवशी परत तेच. मग म्हणले, "अजून एकदा आला ना, तर तुला पोरासकट डिंभ्याला घालवतो." डिंभं माझं माहेर. तिथनं बाई एकदा परत गेली की यष्टीबी कवा येईल सांगता येत न्हाई, नवरा तर लांबच.

दुसऱ्याच दिवशी शेठनी नवी गाडी आणली. लांबडी, बुटकी, टाकीचं पोट सुटलेलं, हँडल म्हशीच्या शिंगावानी पसरलेलं, सीट घोंगडीची घडी ठेवल्यावानी रुंद. आन बाभळीच्या वळणावर परत मागं धुक धुक.

मी दगड उचलला. एका हातात सोन्या, एका हातात दगड, भाकरीचं फडकं दातात. गाडीम्होरं जाऊन उभी राहिले, फडकं टाकलं आन म्हणले, "शेठ, माझा नवरा मला सोडाया निघालाय. माझ्या पायात काय बघता तुमी?"

शेठ दगडाकडं बघून घाबरले न्हाईत, नवऱ्याचं आइकून घाबरले. गाडी बंद केली. पैल्यांदाच खाली मुंगी न बघता उतरले.

"तुझ्या मागे नाही गं पोरी. ती तुझ्याच चालीनं चालते. म्हणून."

"कोण ती?"

मग सांगितलं. त्यांच्या पोरीनं जैन दीक्षा घेतली व्हती, साध्वी झाली व्हती. गाडीत बसायचं न्हाई, जन्मभर, गावोगाव पायी जायचं. पावसाळ्याचा चौमासा सरला की सुरतेकडनं निघणार, हायवेच्या कडंनं, पहाटं, चार बाया पांढऱ्या कापडात, मागनं ट्रक. धुक्यात पांढरं कापड काय दिसणार. गेल्या साली तशाच एका वाटंवर कुणाला तरी धक्का लागला, ते आइकल्यापास्नं शेठला झोप न्हवती.

"मागून येणाऱ्याला आधी मी दिसलो पाहिजे," शेठ म्हणले.

मी इचारलं, पोरीला ठावं हाय का.

"पोर म्हणायचं नाही आता. महाराज म्हणायचं. जुनं नाव घ्यायचं नाही." शेठ फडक्यानं सीट पुसत राहिले, पुसायला काय नसताना. "नाही सांगितलं. नको म्हणतील. मी लांबून चालवीन, आवाज पोचणार नाही इतक्या लांबून."

दगड हातातच व्हता, तो गुपचूप बाजूला ठेवला. मग मी म्हणले, "गाडी कशी हाय ही?"

"पाय टेकतात. तापत नाही. पण तू थांबलीस ना मध्येच."

"त्या चपला घालत्यात का?"

शेठ मान हलवून न्हाई म्हणले. "अनवाणी."

मग चाल येगळीच की. मी चपला काढल्या, भाकरीचं फडकं उचलून त्याच्याखाली धरल्या, सोन्याला नीट कडेवर घेतला आन निघाले. खडी टोचत व्हती, पाय जपून पडत व्हता, म्हंजे बरोबरच पडत व्हता. मागं धुक धुक चालू झालं, लांब, एकसारखं.

वळण सरलं आन म्होरं दुकान दिसलं. मालक रस्त्यात येऊन उभे व्हते. हातात पान्हा. बायको अनवाणी, मागं शेठ, त्यांना काय दिसत आसंल ते मला दिसत व्हतं. पळत जाऊन सांगावं वाटलं. पर पळाले आसते तर शेठची गाडी परत बघायची राहिली आसती.

मी चाल वाढवली न्हाई.

मागनं शेठ सोताशीच बोलल्यागत, पर इंजनाच्या वर आइकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणले, "चालता येतंय. हिला चालता येतंय."

मी मागं वळून बघितलं न्हाई.