सतराशे एकसष्टपासून डावीकडे

गभणे सरांना कधी पत्ता विचारू नये. मी शाळेत नवीन लागले तेव्हा ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारून बसले, की इकडे ब्लाउजपीस चांगले कुठे मिळतात. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, जरा विचार केला आणि म्हणाले, "सोपं आहे बाई. शाळेतून निघा, सतराशे सत्तावन्न सोडा, सतराशे एकसष्टपासून डावीकडे वळा अन् सतराशे चौसष्टच्या समोर उभ्या राहा. अठराशे अठरा लागलं तर समजा, पुढं निघून गेल्या."

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की शाळेत एक म्हातारे मास्तर आहेत, त्यांचं काही खरं नाही.

पुढे कळलं की खरं फक्त त्यांचंच होतं. सर इतिहास शिकवायचे, मी भूगोल. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं लागून होती. इतिहास पुस्तकात नसतो, रस्त्यावर असतो, असं सरांचं ठाम मत. म्हणून त्यांनी शाळेपासून गांधीबागेच्या कापडबाजारापर्यंतच्या रस्त्यावरच्या एकेका दुकानाला एकेक सन वाटून टाकला होता. शाळा सुटली की दहावीचा अख्खा वर्ग सरांच्या मागे निघायचा, आणि त्या रस्त्यानं उजळणी व्हायची. पहिलं कापडाचं दुकान म्हणजे प्लासीची लढाई. कोपऱ्यावरचं कापडाचं दुकान पानिपत. वळल्यावर शिंपी बसायचा, तो बक्सर. बंद पडलेला छापखाना म्हणजे पेशवाईचा अस्त. भज्यांचं दुकान अठराशे सत्तावन्न, कारण तिथलं तेल कायम उकळत असायचं. आणि सगळ्यांत शेवटी एक दुमजली घर होतं. त्याचा मालक वरच्या भाडेकरूला कित्येक वर्षं "निघा" म्हणत होता आणि भाडेकरू काही निघत नव्हता. ते एकोणीसशे बेचाळीस.

काही लिहून घ्यायला सक्त मनाई. "लिहिलं की डोकं सुटीवर जाते," असं ते म्हणायचे. पोरांनी दुकानासमोर उभं राहायचं, सन सांगायचा, कारणं सांगायची, परिणाम सांगायचे आणि पुढे चालायचं. दुकानदार आधी वैतागले, मग त्यांना सवय झाली, आणि मग अभिमान वाटायला लागला. शिंप्याला कोणी नुसतं शिंपी म्हटलेलं आवडेनासं झालं.

माझ्या विषयाचं मात्र वाटोळं झालं. विदर्भातली कापडाची मोठी बाजारपेठ कोणती, असा सरळ प्रश्न मी सहामाहीला घातला होता. चांगल्या चांगल्या घरच्या पोरींनी उत्तर लिहिलं, पानिपत.

सरांचं दुसरं खूळ म्हणजे कारणं. प्रत्येक गोष्टीला एक तात्कालिक कारण आणि एक मूळ कारण असतं, आणि माणसं तात्कालिक कारण सांगून मोकळी होतात, ही त्यांची तक्रार. शिपाई तुळशीराम घंटेला उशीर करायचा. म्हणायचा, "सर, दोरी तुटली होती." सर म्हणायचे, "हे झालं तात्कालिक. मूळ कारण सांग." मग तुळशीराम डोकं खाजवत दोरी कोणी आणली, कुठून आणली, साहेबांनी स्वस्तातली काहून आणायला लावली, इथवर यायचा. तोवर पुढच्या तासाचीही घंटा राहून जायची. हेडमास्तरांना यातलं काहीच आवडत नसे. त्यांच्या मते रस्त्यावर फिरवायची ती जनावरं, विद्यार्थी नव्हेत.

तर अशा या सरांचं ते नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. दहावीचा तो वर्ग त्यांचा शेवटचा वर्ग, आणि नेमकी त्याच वर्षी भानगड झाली.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. इतिहासाच्या पेपरात घटना कालानुक्रमे लावायच्या होत्या. प्लासी, पानिपत, बक्सर हा क्रम तर सरांच्या वर्गातलं पोर झोपेतही सांगेल. पण अख्ख्या वर्गानं आधी पानिपत लिहिलं आणि मग प्लासी. एकजात सगळ्यांनी. पहिल्या बाकावरची हुशार पोरगी आणि शेवटच्या बाकावरचे वर्गात झोपणारे, सगळे एकाच जागी चुकले.

हेडमास्तरांनी पेपर टेबलावर आपटले. "ही सामुदायिक कॉपी आहे गभणे. बोर्डाच्या परीक्षेत असं झालं तर शाळेच्या तोंडाला काळं. उद्यापासून ते फिरणं बंद. महिन्याच्या शेवटी मी पुन्हा परीक्षा घेतो. सुधारले तर वर्ग तुमचा, नाहीतर उजळणी देशकर बाई घेतील."

देशकर बाई म्हणजे मी. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. माझ्या नद्या आणि खनिजं काय कमी होती? पण सर भांडले नाहीत. टेबलाशी येऊन बसले आणि डस्टर हातात फिरवत म्हणाले, "तुम्ही चांगलं शिकवाल बाई. फक्त पेशवाई जरा हळू घ्या. पोट्ट्यांले वाईट वाटते तिथं." आयुष्यभर ज्यानं लढाया शिकवल्या, तो माणूस एकही लढाई न लढता वर्ग द्यायला निघाला होता. मला त्यांचा रागच आला. मी म्हटलं, "सर, मूळ कारण तरी शोधा."

त्यांनी डोळे मोठे केले आणि उठून वर्गात गेले. मीही मागोमाग गेले.

कुंदा नावाच्या मुलीनं उलगडा केला. "सर, पह्यले लहाने ठवकर भेटते ना, अन् मंग मोठे ठवकर. लहाने ठवकर म्हणजे पानिपत. मोठे म्हणजे प्लासी. तसंच लिवलं आम्ही."

सरांनी कपाळावर हात मारला. झालं होतं ते असं. ती दोन्ही कापडाची दुकानं ठवकर भावांची. इतकी वर्षं थोरले ठवकर पहिल्या दुकानात बसायचे आणि धाकटे कोपऱ्यावरच्या. आदल्या वर्षी भाऊ भांडून वेगळे झाले. कोपऱ्यावर गिऱ्हाईक जास्त, म्हणून त्यांच्या आईनं तोड काढली, की कोपऱ्याचं दुकान आळीपाळीनं घ्यायचं, या दिवाळीपासून त्या दिवाळीपर्यंत. नुकत्याच झालेल्या दिवाळीत पाळी बदलली आणि भावांनी दुकानांची अदलाबदल केली. तेव्हाच नेमके सर मलेरियानं अंथरुणावर पडले, ते थेट सराव परीक्षेपर्यंत. पोरं आपली आपण उजळणीला जात राहिली. आणि पोरांनी लक्षात ठेवली होती माणसं, दुकानं नव्हेत. पोट सुटलेले थोरले ठवकर म्हणजे प्लासी, काडीसारखे धाकटे म्हणजे पानिपत. माणसं हलली, तशा लढायाही हलल्या.

मी म्हटलं, मग आता सांगून टाका पोरांना. सरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोंडी विचारलं तर अर्धा वर्ग एक क्रम सांगे, अर्धा दुसरा. कॉपीचा संशय तेवढा मिटला.

"डोक्यात बसलेला माणूस उठवणं कठीण असते बाई," सर म्हणाले. "पोट्टे उठत नाही, तर ठवकरांलेच उठवावं लागन."

मी बरोबर गेले, कारण हे बघायला मिळालं नसतं तर मला जन्मभर चुटपुट लागली असती. थोरले ठवकर कोपऱ्याच्या दुकानात गादीवर ऐसपैस बसले होते. सरांनी सगळं सांगितलं. थोरल्यांनी हात जोडले.

"मास्तर, बाकी काहीबी मांगा. पण कोपरा मी सोडत नाही. लग्नसराई हाय. सालभर वाट पाह्यली म्या."

"कोपरा नका सोडू जी. फक्त गादी सोडा. सांजच्या एका घंट्यासाठी. पोट्टे येतीन, पाहतीन, जातीन."

"अन् माह्या गादीवर कोण बसन? थो?"

"थो."

"अन् मी त्याच्या?"

"तुम्ही त्यांच्या."

"आमी दोघं बोलत नाही, मालूम हाय ना तुमाले?"

"बोलाचं काय काम हाय?" सर म्हणाले. "प्लासी कधी पानिपतशी बोलली का?"

थोरल्यांनी हातातला गज गादीवर ठेवला. मग म्हणाले, "नापास होतीन का हो पोट्टे?" सर म्हणाले, "माहे शेवटचे हायेत." हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण थोरले उठले आणि पायात चपला सरकवल्या. धाकट्यांकडे मी निरोप घेऊन गेले. त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. फक्त, "पह्यले त्याले उठू द्या," एवढी अट घातली.

हेडमास्तरांनी फिरणं बंद केलं होतं, त्याचं काय? मी त्यांना जाऊन सांगितलं, की मुलांना बाजारपेठ दाखवायला नेते आहे, भूगोलाच्या अभ्यासक्रमात आहे. आणि ते होतंही. सर आपले सहज बरोबर असायचे.

रोज संध्याकाळी तो सोहळा व्हायचा. थोरले पहिल्या दुकानाकडे निघायचे, धाकटे कोपऱ्याकडे. मधे रस्त्यात एकमेकांना ओलांडताना दोघंही आभाळाकडे बघायचे. पण दुसऱ्याच्या गादीवर बसलं की गिऱ्हाईक येतंच, आणि गिऱ्हाईक भाव विचारतंच. मग इथून नोकर ओरडायचा, "मोठे भाऊ विचारून राह्यले, पोपटी वायल कितीले द्याची?" तिथून उत्तर यायचं. थोड्या दिवसांनी नोकर मधून गळाला. मग एकदा मी पाहिलं, दोघं भाऊ रस्त्याच्या मधोमध उभे राहून आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत होते आणि एक रिक्षावाला घंटी वाजवून दमला होता.

महिन्याअखेरच्या परीक्षेत अख्ख्या वर्गानं प्लासी, पानिपत, बक्सर असं बिनचूक लिहिलं. हेडमास्तरांना पुन्हा कॉपीचा संशय आला, पण बरोबर उत्तरांबद्दल तक्रार कुठे करणार? वर्ग सरांकडेच राहिला. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली, पोरं पांगली. निरोपसमारंभात सरांना शाल मिळाली, हेडमास्तरांनी गोड भाषण केलं, आणि आम्ही सगळे उन्हाळ्याच्या सुटीला लागलो.

मे महिन्यात भाचीच्या लग्नाचं कापड घ्यायला मी ठवकरांकडे गेले. ऊन उतरल्यावर गेले. बघते तर थोरले धाकट्यांच्या गादीवर.

मी म्हटलं, "परीक्षा तर कधीच संपली. अजून इथंच?"

"मास्तर येते ना बाई," थोरले हळू आवाजात म्हणाले. "रोज येते, ह्याच टायमाले. तिकडं नंदनवन वस्तीत खोली हाय त्याहिची. बायको जाऊन लय साल झाले, लेकरू नाही. घरी जाऊन करतीन काय? पह्यले तं एकटेच चालत जाये, दुकानासमोर जरासे थांबे, अन् पुढं जाये. मले पाह्यवलं नाही. म्हटलं मास्तर, बसा, आमाले बी शिकवा. मी चौथीतून सुटलेलो."

"जमतंय का मग?"

थोरले हसले. गादीवर बसल्या बसल्या त्यांनी प्लासीपासून एकोणीसशे बेचाळीसपर्यंत सगळे सन घडाघडा म्हणून दाखवले. कुठे अडखळले नाहीत. "इतके साल पोट्टे कानापाशी ओरडले बाई. मुक्यालेबी पाठ होईन."

तेवढ्यात सर आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात खडू. मला बघून खूश झाले, भाचीची चौकशी केली. मग गादीच्या कडेला टेकले आणि त्यांचा आवाज वर्गातला झाला.

"हं ठवकर. काल उजळणी कुठवर झाली होती? क्रमानं सांगा."

थोरले उठून उभे राहिले. डोकं खाजवलं. "पह्यले..." ते म्हणाले, "पह्यले पानिपत?"

धाकटेही कोपऱ्यावरून येऊन पायरीशी उभे होते. "नाही जी, बक्सर," ते म्हणाले.

सरांचा चेहरा असा उजळला, की मी हातातल्या कापडाकडेच बघत राहिले. दुसरीकडे कुठे बघणं मला जमलं नसतं.

"चूक," सर म्हणाले. "दोघंबी चूक. फार कच्चं आहे तुमचं. उद्या पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागन."

"हो मास्तर," थोरले खाली मान घालून म्हणाले. "उद्या जरा लवकरच या."