तांबेऱ्यावर दरबारी उपाय

एका जंगलात प्राणी मका पेरायचे. जंगलात मका कसा, असं विचारू नका, बाळांनो. तिथे दिवाणसुद्धा होता, मग मका का नसावा?

वाघोबा राजा होता आणि तरस त्याचा दिवाण. डोंगराच्या उतारावर गोदाक्का साळिंदर आपल्या पिलांना घेऊन राहायची. तिचं सगळं घर मक्यावर जगायचं.

एका वर्षी गारठा पडला. दव सुकेना. मक्याच्या पानांवर तपकिरी फोड उठले. बोट लावलं की गंजासारखी भुकटी लागायची. म्हणजे तांबेरा. गोदाक्काने दरबारात जाऊन फवारायला औषध मागितलं. दिवाणांनी पान न बघताच सांगितलं की हा थंडीचा रोग आहे, ऊन वाढलं की आपोआप जाईल.

आणि बाळांनो, खरंच तसं झालं. ऊन तापलं आणि नवी पानं हिरवीगार निघाली. राजाने दिवाणांना ‘तांबेरामर्दन’ ही पदवी दिली. गोदाक्कानेही मनापासून टाळ्या वाजवल्या.

पण उकाडा हटेना, त्यात हवा दमट झाली. आता पानांवर नारिंगी फोड आले, पहिल्यापेक्षा बारीक आणि दाट. हा तांबेराच, पण दुसरा. याला उकाडाच मानवतो. गोदाक्का पान घेऊन दरबारात धावली.

राजा गोंधळला. पदवी तर देऊन झाली होती.

दिवाण मात्र शांत होते. “महाराज, हा उन्हाचा रोग आहे. थंडी पडली की आपोआप जाईल.”

“आणि तोवर मक्याचं काय?” गोदाक्काने विचारलं.

“अक्का, दरबार रोगाबद्दल बोलतोय. मक्याचा विषय आज घेतलेला नाही.”

गोदाक्का घरी आली. दाणे पुरते भरले नव्हते, तरी तिने हाताला लागली तेवढी कणसं मोडली, पिलांना खाऊ घातली आणि मागे वळून न बघता त्यांना घेऊन डोंगरापलीकडे गेली. बाकीचे थांबले. दिवाण एकदा खरे ठरले होते ना!

थंडी पडली. दिवाणांनी राजाला उतारावर नेलं. एकाही पानावर फोड नव्हता. पानच नव्हतं. राजा प्रसन्न झाला. टाळ्या जरा कमी वाजल्या, पण उपाशी पोटी हात जोरात आपटत नाहीत, हे दरबाराने समजून घेतलं.

तात्पर्य : धीर धरावा. हवा बदलली की प्रत्येक रोग जातो. त्याआधी पीक गेलं, तर घाई पिकाने केली असं समजावं.