गुल्लूचं केळवण

खाऊ घालण्यात मधुकररावांचा हात धरणारा माणूस कोराडीच्या अख्ख्या कॉलनीत सापडला नसता! वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून तर त्यांना दुसरं कामच उरलं नव्हतं. कुणी नुसता पत्ता विचारायला दारात उभा राहिला, तरी तो पोहे खाऊन, चहा पिऊन आणि आपण कुणाकडे निघालो होतो ते विसरून जायचा.

"आपल्या दारातून कोनी उपाशी गेला, असं दाखव मले!" असं ते बायकोला, जयवंताबाईंना, रोज ऐकवत.

अशा घरात होणाऱ्या सुनेचा ससा राहायला आला.

त्यांच्या साहिलचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं. मुलगी खाप्याची, मिनल. लग्नासाठी तिकडे घर रंगवायला काढलं आणि रंगाच्या वासानं सशाला शिंका सुरू झाल्या. म्हणून रंगकाम संपेपर्यंत मिनलने गुल्लूला पिंजऱ्यासकट होणाऱ्या सासरी आणून सोडलं. सोबत गवताची गच्च भरलेली गोणी.

"काका, त्याले वाळलं गवत अन् पानी, बस! संध्याकाळी थोडासा सांबार." सांबार म्हणजे नागपूरकडची कोथिंबीर. "बाकी काहीच देऊ नका. एवढुसा होता तवापासून माह्याजवळ हाय तो. माहा जीव हाय त्याच्यात."

मधुकररावांनी शहाण्यासारखी मान हलवली. तिची बस दिसेनाशी झाली आणि ते फाटकातूनच ओरडत आत आले.

"जयवंता! वाळलं गवत? सुनेच्या माहेरचा पहिला पाहुना, अन् त्याले वाळलं गवत? लोकं काय म्हनतीन?"

"अवो, पोरीनंच सांगितलं ना तसं."

"संकोचानं सांगितलं वं! मुलीकडचे असंच म्हनतात. काही करू नका, चहा बी नको. मंग आपुन चहा नाई देत का?"

जयवंताबाईंना आपलंच केळवण आठवलं. त्या स्वतः लग्नाआधी असंच म्हणाल्या होत्या आणि त्यांना सहा पुरणपोळ्या खाव्या लागल्या होत्या.

सुरुवात गाजरापासून झाली. गुल्लूने ते असं फस्त केलं की मधुकररावांचे डोळे भरून आले. मग केळं. मग संत्री, कारण नागपूरला येऊन संत्री न खाता जाणं हा पाहुण्याचा नाही, गावाचा अपमान! गवताकडे मात्र गुल्लू बघेनासा झाला.

"पाह्य, पाह्य! म्हटलं नव्हतं मी? गवत त्याले आवडतच नाई!"

तेवढ्यात शेजारच्या शोभाताई डोकावल्या. नवरीचा ससा म्हटल्यावर त्या हरखून गेल्या.

"भाऊजी, मिनलचं केळवण करायचं माह्या मनात होतं. पन ती तिकडं खाप्याले. मंग याचंच करू ना! मुलीकडचाच हाय तो."

झालं! शोभाताईंनी पाटाभोवती रांगोळी काढली, गुल्लूला ओवाळलं आणि पोळीचा तुपातला मलिदा समोर ठेवला. शोभाताईंनी केलं म्हटल्यावर समोरच्यांनी करायलाच हवं. त्यांनी संत्रा बर्फी आणली. वरच्या मजल्यावरच्यांनी तर्री-पोहे केले. तर्रीच्या वासानं गुल्लू तीनदा शिंकला, तरी पोहे त्यानं खाल्लेच! मधुकरराव त्याला कडेवर घेऊन घरोघर फिरत होते आणि "आणखी एक घास, माह्यासाठी!" म्हणत होते.

सकाळी ते पिंजऱ्यापाशी गेले आणि जागीच थिजले. गुल्लूने मान खाली घातली, स्वतःची मऊ लेंडी तोंडात घेतली आणि गिळून टाकली!

"जयवंताऽऽ! पाहुना लेंडी खाऊन राहिला वं! आपल्या घरी उपाशी मरून राहिला तो!"

"काल अख्खी कॉलनी जेवला ना तो!"

"मंग काहून खाल्ली त्यानं? पोट भरलेला कोनी असं खाते का?"

त्या सकाळी गुल्लूपुढे भिजवलेले चणे, उरलेला मलिदा आणि बिस्किटं अशी पंगतच मांडली गेली. दुपारी गुल्लू कोपऱ्यात पाठ फुगवून बसला. बारीक दात वाजवत होता. गाजर नाकाशी नेलं तर त्यानं तोंड फिरवलं. पिंजऱ्यात एक लेंडीही नव्हती.

मधुकररावांनी गाजर खाली ठेवलं. हा खेळ नव्हता. त्या पोरीनं आपला जीव विश्वासानं त्यांच्या हातात दिला होता.

"मिनलले फोन लावा," जयवंताबाई म्हणाल्या.

"काय सांगू? तुह्या गुल्लूले खाऊ घालून घालून मारलं म्हनून? कोनती पोरगी अशा घरात येईन?"

"तुमी ऑटो बोलवा. फोन मी लावते."

नागपुरातल्या जनावरांच्या डॉक्टर अरुंधती यांनी गुल्लूचं पोट चाचपलं. "काय काय खाल्लं यानं?"

मधुकररावांनी खालच्या मानेनं सांगायला सुरुवात केली. मलिद्यापर्यंत डॉक्टर लिहून घेत होत्या. तर्री-पोह्यांना त्यांनी चष्मा काढला.

"काका, हा ससा आहे की वऱ्हाडी?"

"मुलीकडचा हाय, म्हनून..."

"सशाचं पोट गवतावर चालतं. गवत थांबलं की पोट थांबतं. दातही सारखे वाढत असतात, ते गवत चावूनच झिजतात. गाजर, केळं म्हणजे त्याची मिठाई, सणासुदीला तुकडाभर."

"पन तो... लेंडी खात होता मॅडम. उपाशी होता ना?"

"अहो, ससे खातातच ती मऊ लेंडी! त्यातून त्यांना जीवनसत्त्वं मिळतात. तुमच्या घरी तेवढं एकच तो बरोबर खात होता!"

इंजेक्शन झालं, पिचकारीनं औषध झालं. "आता गवत द्या आणि लेंडीची वाट पाहा. लेंडी झाली की ससा वाचला."

घरी परतले तर मिनल दारात उभी होती, डोळे लाल. मधुकररावांनी तिच्यापुढे हात जोडले. "पोरी, तू सांगितलेलं ऐकलं नाई मी. चुकलो. लग्नाचं तुले जे ठरवायचं ते ठरव."

मिनलने गुल्लूला उचलून आत नेलं. पिंजऱ्यापाशी बसली. मधुकररावही शेजारी बसले, गवताची एक काडी गुल्लूच्या नाकाशी धरून. ऊन उतरलं. शोभाताई, समोरचे, वरचे, सगळे केळवणवाले गॅलरीत श्वास रोखून उभे होते. गुल्लूने काडीचा वास घेतला. मग कुरकुर आवाज आला. एक काडी गेली, दुसरी गेली आणि थोड्या वेळानं पिंजऱ्यात टप्पकन एक गोल, टणक, देखणी लेंडी पडली!

मधुकररावांनी ती उचलली आणि तळहातावर घेऊन गॅलरीत धावले.

"झाली गा, झाली! हे पाहा!"

कॉलनीत टाळ्या पडल्या. शोभाताईंनी पदर डोळ्यांना लावला. मधुकरराव ती लेंडी एकेकाच्या नाकासमोर नाचवत होते. मिनल त्यांच्यामागे आली. साखरपुड्यापासून ती त्यांना काकाच म्हणत आली होती.

"बाबा," ती म्हणाली.

मधुकरराव गर्रकन वळले. आशीर्वादासाठी त्यांनी हात उचलला.

"बाबा, थांबा! आधी हात धुवा!"