रेडकरकाकांची बगदादची लाइन

आमच्या मजल्यावरच्या रेडकरकाकांशी बोलायला उभं राहिलं की बरोबर तीन मिनिटांनी ते घड्याळाकडे बघत आणि विचारत, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" आपण 'वाढवा' म्हटलं की पुन्हा तीन मिनिटं मिळत. नाही म्हटलं तर 'थँक यू' म्हणून दार लावून घेत. गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, वर्गणीला आलेली मंडळी, कोणालाही सूट नव्हती. एकदा माझ्या सासूबाई त्यांना आपल्या गुडघ्यांची हकिगत ऐकवत होत्या. डावा गुडघा संपतोय तोच काकांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "वाढवा हो, अजून उजवा राहिलाय." काकांनी मनापासून वाढवून दिलं.

काकांची सगळी नोकरी मुंबईत परदेशी फोन जोडण्यात गेली होती. तेव्हा दुसऱ्या देशात बोलायचं तर कॉल बुक करावा लागे. मग इथला ऑपरेटर तिथल्या ऑपरेटरला गाठून लाइन जोडून द्यायचा आणि तीन मिनिटांनी मध्येच येऊन विचारायचा. पुढे लोक घरून, बूथवरून थेट नंबर फिरवायला लागले आणि ते काम आटलं. काकांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि नालासोपाऱ्याला, तुळिंजमध्ये आमच्या शेजारी राहायला आले. लग्न केलं नव्हतं. आई होती, ती इथे आल्यावर वर्षभरात गेली.

जगात कुठेही लढाई पेटली की काका बेचैन व्हायचे. त्यांचं कारण मात्र वेगळं होतं. काबूलवर विमानं गेल्याची बातमी लागली तेव्हा ते आमच्याकडेच बसले होते. आमचे हे टीव्हीतल्या नकाशाकडे बोट दाखवून कोणतं सैन्य कुठून घुसणार ते समजावत होते. त्यांना असं समजावायला फार आवडतं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "यात टेलिफोन एक्स्चेंज कुठे आलं?"

ह्यांनी नकाशावर शोधून पाहिलं.

"काबूलचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा," काका म्हणाले, "पण माणूस सज्जन. कॉल लागला नाही तर स्वतःची चूक असल्यासारखा सॉरी म्हणायचा." मग नकाशाकडे बघून म्हणाले, "कुठे असेल आता."

बेलग्रेडच्या ऑपरेटरला दमा होता. बैरूतचा एक जण कॉल लागेपर्यंत शीळ घालायचा. ह्यांपैकी एकाचाही चेहरा काकांनी पाहिला नव्हता. पण पेपरात त्या गावाचं नाव आलं की ते बातमी शेवटपर्यंत वाचत, आणि पेपर घडी घालून ठेवताना म्हणत, "मेलेल्यांचा आकडा देतात, नावं देत नाहीत."

मग इराकची लढाई सुरू झाली, आणि काकांनी आमच्याकडे यायचंच बंद केलं. दिवसभर घरात रेडिओ चालू. मी शाळेतून येताना त्यांना तुळिंज रोडवरच्या एसटीडी बूथमध्ये पाहायची. काचेमागे रिसीव्हर कानाला लावून उभे असत. बूथवाला मला म्हणाला, "बाई, तुमच्या काकांना समजवा जरा. रोज बगदाद फिरवतात. तिकडे कोण उचलणार?"

एका संध्याकाळी बातम्यांत सांगितलं की बगदादमधली टेलिफोन एक्स्चेंज बॉम्बनी पाडली. मी आमटीची वाटी घेऊन काकांकडे गेले. रेडिओ बंद होता. काका खुर्चीत बसले होते. मी उभीच राहिले, बराच वेळ झाला, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"तिथे कोणी ओळखीचं आहे का, काका?" मी विचारलं.

"ऐनी आहे," ते म्हणाले.

ऐनी बगदादची ऑपरेटर. आपले कितीतरी गवंडी, सुतार, फिटर तेव्हा इराकला कामाला होते. त्यांच्या बायका इथून कॉल बुक करायच्या. तिकडे बराकीतून माणसाला बोलावून आणेपर्यंत लाइन उघडी राहायची, आणि त्या मोकळ्या वेळात हे दोघं बोलायचे. मोडक्या इंग्रजीत. ती इथल्या पावसाचं विचारायची, काका तिकडच्या खजुरांचं. तिच्या आईला मधुमेह होता, काकांच्या आईलाही. प्रत्येक वाक्याला ती 'ऐनी' म्हणायची. येस, ऐनी. वेट, ऐनी. काकांना वाटलं, ती आपलं नाव सांगते आहे. तेही तिला ऐनी म्हणायला लागले.

"तेव्हा त्यांची इराणशी लढाई चालू होती," काका सांगत होते. "एकदा बोलता बोलता तिकडे भोंगा झाला. ती म्हणाली, वेट, आणि गेली. आमचा नियम असा की लाइन अडकवून ठेवायची नाही. मी ठेवली. सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला, ओरडला. मी हेडफोन काढला नाही. पाऊण तासाने आवाज आला, बॉम्बे, यू देअर? मी म्हटलं, येस, ऐनी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नंतर कुवेतच्या लढाईत ती लाइन गेली. परत जोडली तोवर माझी बदली दुसऱ्या विभागात झाली होती."

मी दुसऱ्या दिवशी शाळेत परेराबाईंना हे सांगितलं. त्या राजोडीच्या. त्यांचा भाऊ स्टॅनी आधी बगदादला आणि मग कुवेतला फिटर होता, आणि मे महिन्यात घरी येणार होता. तो आल्यावर मी काकांना राजोडीला घेऊन गेले. निघताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

स्टॅनी गप्पिष्ट माणूस. वाडीत केळींच्या सावलीला खुर्च्या टाकून त्याने आम्हाला सरबत दिलं. काकांनी ऐनीची चौकशी केली. आडनाव माहीत नाही, एक्स्चेंजमध्ये होती, असं सांगितलं. स्टॅनीने ऐकून घेतलं आणि अवघडून बहिणीकडे पाहिलं.

"अंकल, ते नाव नाय," तो म्हणाला. "बगदादला सगळे सगळ्यांना ऐनी म्हणतात. पाववाला, टॅक्सीवाला, सब लोग. ऐनी म्हणजे माझा डोळा. आपण कसं प्रेमाने राजा म्हणतो ना, तसं."

काकांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे ती मला म्हणत होती."

"हां, अंकल."

स्टॅनीने तिकडच्या उन्हाचे, माशांचे किस्से सांगितले, काका मान हलवत राहिले. परतताना आम्ही एसटीच्या थांब्यावर उभे होतो तेव्हा ते एकदम हसायला लागले.

"बाई, दहा-अकरा वर्षं मी त्या बाईला 'माझा डोळा' म्हणत होतो. भर ऑफिसात. सुपरवायझरसमोर."

मीही हसले. काकांचं हसू मात्र थांबलं होतं.

"तिने मला एकदाही सुधारलं नाही," ते म्हणाले. "सहज सांगता आलं असतं, हे माझं नाव नाही म्हणून."

एसटी आली. काका खिडकीशी बसले आणि नालासोपारा येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

बगदादचे फोन हळूहळू पुन्हा सुरू झाले. काका आठवड्यातून एकदा बूथवर जाऊन एक्स्चेंजचा नंबर फिरवून बघत. पुढच्या वर्षी, गणपतीच्या आधी, एका दुपारी त्यांनी आमची बेल वाजवली. घामाने शर्ट भिजला होता. मी पाणी दिलं.

"लागला," ते म्हणाले.

"बगदाद?"

"हो. एका माणसाने उचलला. मी म्हटलं, बॉम्बे कॉलिंग. तो म्हणाला, येस सर, हूम डू यू वॉन्ट?" काकांनी पेला हातात तसाच धरून ठेवला. "आवाज अगदी स्वच्छ येत होता, बाई. शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. पण कोणाला बोलवा म्हणून सांगणार होतो मी?"