सुतकाआधीचं हुमण

रविवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला तेव्हा कमलाक्षी हुमणाच्या मडक्याला फडकं बांधत होती. गाठ अर्धीच राहिली. फोनवर नाव होतं सुदेशचं, पेडण्याच्या चुलत दिराचं, आणि सुदेश हा माणूस आयुष्यात कधी सकाळी साडेसहाला चांगली बातमी द्यायला उठलेला नव्हता. त्याच्या घरी त्याचे वडील बाबलीकाका, वय वर्षं एक्याण्णव, चतुर्थीपासून खाटेवर होते. महिन्यातून एकदा ते सगळ्यांचा रीतसर निरोप घेत आणि दुसऱ्या दिवशी आज मासळी काय आणली ते विचारत.

कमलाक्षीच्या नवऱ्याने, रघुनाथने, फोनकडे हात नेला.

"उचलू नको हां," कमलाक्षी म्हणाली.

"अगो, सुदेशचो फोन."

"म्हणानच सांगतंय."

रघुनाथचा हात हवेत राहिला. फोन वाजून वाजून गप्प झाला.

आता हुमण म्हणजे खोबऱ्याच्या वाटणातलं माशांचं आंबट कालवण, हे त्यांच्या दिवचलीत, म्हणजे डिचोलीत, कुणाला सांगावं लागत नाही, पण कालचं हुमण म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी भानगड त्याचीच आहे. केल्या दिवशी हुमण खातात ती घाईची माणसं. जाणकार बांगड्यांचं हुमण संध्याकाळी करतात, तिरफळं ठेचून घालतात, कोकमाची सोलं जरा सढळ टाकतात, मडकं रात्रभर तसंच ठेवतात आणि सकाळी मंद आचेवर आटवतात. मग ते जे काही होतं ते पावाला लावून खायचं. आदल्या दिवशी करून प्रवासाला न्यायला याच्याइतका सोयीचा पदार्थ नाही, वाट बघायला लावली की ते सुधारतं. माणसांपैकी फार थोड्यांबद्दल असं म्हणता येईल.

कमलाक्षीचा मुलगा निलेश बोटीवर कामाला होता. सोमवारी रात्री त्याचं विमान, मग नऊ महिने समुद्र. बोटीवरचा आचारी पिवळ्या पाण्यात मासा बुडवतो आणि त्याला करी म्हणतो. जाण्याआधी निलेशने आईकडे एकच मागणं केलं होतं, केरीच्या किनाऱ्यावर बसून तुझं कालचं हुमण खायचंय. पोराने सोनं मागितलं असतं तर कमलाक्षी विचारात पडली असती. हुमण मागितलं म्हणून तिला वाटलं, ह्यात काय मोठं.

मोठं असं होतं की रघुनाथची भावकी वास्कोपासून तेरेखोलपर्यंत पसरलेली होती आणि त्या भावकीला मरणाचा मुहूर्त बरोबर साधता येत असे. निलेश सुट्टीवर आल्यापासून दोन महिन्यांत तीन वेळा केरीचा बेत ठरला, तीन वेळा हुमण झालं आणि तीन वेळा सकाळी फोन आला. पहिल्यांदा वास्कोचा कुणी दत्तारामभाऊ गेला, ज्याला कमलाक्षीने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा मोरजीची एक आजी. तिसऱ्यांदा गेलेला माणूस नक्की कोण, यावर रघुनाथ आणि सुदेश यांचं अजून एकमत व्हायचं होतं. पण सुतक ते सुतक. घरात मासळी बंद, सगळं शिवराक, आणि तिन्ही मडकी शेजारच्या मनीषाकडे गेली. मनीषा प्रत्येक वेळी हळहळत मडकं घासून परत द्यायची आणि आता परत कधी जाणार, असं फार आपुलकीने विचारायची.

"माका एक सांगा," कमलाक्षी नवऱ्याला म्हणाली. "सुतक मेल्यावर लागता काय ऐकल्यावर?"

रघुनाथ खाणीच्या कचेरीत बत्तीस वर्षं कारकून होता. नियम विचारला की त्याला उत्तर देणं भागच पडायचं.

"ऐकल्यावर," तो म्हणाला. "कानार पडल्याशिवाय लागणा नाय."

"मग कानार पडू देव नकात. पोटात पडला काय मगे ऐकया. दहा दिवस काय, बारा दिवस पाळतंय."

एवढ्यात निलेशचा फोन वाजला. तो थांबतो न थांबतो तोच सून प्रियाचा. एकापाठोपाठ तीन फोन म्हणजे शंकेला जागा उरली नाही. रघुनाथ खुर्चीत बसला. काकांनी त्याला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं, ते त्याला आठवलं. मग सकाळपासून घरभर पसरलेला तिरफळांचा वासही त्याच्या लक्षात आला, आणि तो उठून चटई शोधायला लागला.

प्रिया पणजीला सरकारी कचेरीत नोकरीला होती, तिला हा कायदा समजावून सांगावा लागला नाही. "आमच्याकडे असंच असतं, आई," ती म्हणाली. "पत्र इनवर्डला पडलं नाही तर ते आलेलंच नसतं." तिने चारही फोन बंद केले आणि आपल्या पर्समध्ये टाकून वर चेन ओढली.

मडकं, पाव, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, खोबरं घातलेली किसमूर, सोलकढीच्या बाटल्या आणि चटई व्हॅनमध्ये चढली. निलेशने गाडी सुरू केली आणि त्याच क्षणी मनीषा गाऊनवर ओढणी घेत आपल्या पायऱ्यांवर आली. हातात फोन होता.

"कमलाक्षीवैनी, थांब गो, पेडण्यासून फोन..."

"हॉर्न वाजव," कमलाक्षी म्हणाली.

"आई, ती समोर उभी..."

"वाजव म्हणतंय मरे!"

निलेशने हॉर्नवर हात ठेवला तो गल्लीच्या टोकापर्यंत उचललाच नाही. मनीषाचं तोंड हलताना दिसत होतं. दोन कुत्री आणि एक पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, घाबरून गटाराच्या कडेला गेले. कमलाक्षीने मनीषाला हात हलवून हसून निरोप दिला. शेजारधर्म तिने कधी सोडला नव्हता.

केरीला जायचा सरळ रस्ता पेडण्यावरून. पेडण्याच्या बाजारात सुदेशचं दुकान अगदी रस्त्यावर, आणि दुकानाच्या पायरीवर भावकीतले चार जण कायम बसलेले, त्यांना दुसरं काम नव्हतं. तेव्हा म्हापशाहून शिवोलीचा पूल धरून मोरजी, मांद्रे, हरमलवरून जायचं ठरलं. मे महिन्यातल्या रविवारी त्या रस्त्याने जाणारे आपण एकटेच असू, अशी रघुनाथची समजूत होती. अर्ध्या देशातल्या पर्यटकांचीही तीच समजूत होती. मांद्र्यात गाडी पाऊण तास एकाच माडाच्या समोर उभी राहिली. मडकं कमलाक्षीच्या मांडीवर होतं आणि सोलकढी प्रियाच्या साडीवर.

"आई, काका खरंच गेले असतील?" निलेशने आरशातून विचारलं.

"कोण म्हणता? आमका कायएक माहीत नाय," कमलाक्षी म्हणाली. मग थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गेले असले तर बरे गेले. खूप भोगलां बिचाऱ्यान." आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने मडक्यावरच्या फडक्याची गाठ उगाच घट्ट केली.

साडेदहाला ती चौघं केरीच्या सुरूच्या झाडांखाली चटई अंथरून बसली. बेत असा होता की आधी समुद्रात डुंबायचं, मग वाळूत हिंडायचं आणि एक वाजता सावकाश जेवायचं. पण एक वाजेपर्यंत कोण कुठून येऊन काय सांगेल याचा नेम नव्हता. म्हणून पाय ओले न करताच पानं मांडली. चौघंही समुद्राकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. नऊ महिने मनात घोकायची चव निलेश परीक्षेच्या शेवटच्या पाच मिनिटांत पेपर लिहावा तशी पोटात ढकलत होता.

"कसा झालांहा?" कमलाक्षीने विचारलं.

"बेश्ट," निलेश घास न चावताच म्हणाला. "काटा लागला."

"पाव खा. बोलू नको."

तेवढ्यात लाल-पिवळ्या कपड्यांतला एक जीवरक्षक वाळू तुडवत थेट त्यांच्याकडे आला. चाळिशीचा, मिशीवाला, गंभीर माणूस. त्याने व्हॅनचा नंबर हातातल्या कागदाशी ताडून पाहिला.

"दिवचलीचे रघुनाथ तुम्हीच काय? पेडण्यासून तुमच्यासाठी एक निरोप..."

"बस हंय," कमलाक्षी म्हणाली.

"बसत नाही, बाय. निरोप असा की तुमचे का..."

'का'च्या पुढे त्याचं तोंड उघडंच होतं. कमलाक्षीने हुमणात बुडवलेला अर्धा पाव त्यात घातला. ड्युटीवरच्या माणसाने काय करावं हे नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं, तेव्हा त्याने चावलं. चावता चावता त्याचे डोळे मिटले. तो चटईच्या कोपऱ्यावर टेकला आणि त्याच्यापुढे आपोआप पान आलं. तो तोंड उघडायला बघे, की कमलाक्षी वाढे. असे तीन बांगडे त्या एका निरोपावर खर्ची पडले. रघुनाथने शेवटचा बांगडा डोळ्यांदेखत जाताना पाहिला, पण घरावर वेळच तशी आली होती.

मडकं रिकामं झालं. कमलाक्षीने हात धुतले, तोंड पुसलं, पदर सारखा केला आणि चेहऱ्यावर दुःख आणलं.

"हां," ती म्हणाली. "आता सांग. कधी गेले?"

जीवरक्षकाने ढेकर दिला. "कोण गेले? तुमचे काका विचारतात, तुम्ही चौघं जिवंत आहात काय."

 मागे समुद्राचा आवाज येत होता, तो त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

रस्त्याच्या कडेला एक जीप थांबली. आधी सुदेश उतरला. मग त्याचा हात झिडकारून, काठी टेकत, गंजिफ्रॉकवर टॉवेल घेतलेले बाबलीकाका वाळूत उतरले आणि चतुर्थीपासून खाटेवर असलेल्या माणसाला शोभणार नाही अशा वेगाने चटईकडे आले. त्यांचे केस ओले होते. त्यांनी चौघांना एकेक करून नीट पाहिलं, निलेशला काठीने टोचूनही पाहिलं.

"आसास मरे," ते म्हणाले आणि खाली बसले. टॉवेलच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले.

सुदेशने सांगितलं ते असं. काका पहाटे पाचला उठून बसले. पोरगा परवापासून नऊ महिने दिसणार नाही, तेव्हा मीही केरीला येतो, दिवचलीला फोन कर आणि माझ्या वाट्याचं हुमण घ्यायला सांग, असा त्यांचा हुकूम झाला. फोन कुणी उचलेना, मग चारही फोन बंद. मनीषा म्हणाली, गाडी हॉर्न वाजवत सुसाट गेली, काही बोलल्या नाहीत, नुसता हात केला. पेडण्याच्या बाजारातून दहा वाजेपर्यंत गाडी गेली नाही. काकांनी हिशोब केला. चार माणसं, चार बंद फोन आणि मधे नदीवरचा कोलवाळचा पूल.

"घरात इसवण आणलेली," सुदेश म्हणाला. "सुरमईचे जाड तुकडे तळून पानात घातलेले. बाबांनी पान सारलं. म्हणाले, बातमी येईस्तोवर खाल्लं आणि मागाहून कळलं तर तोंड कोणाक दाखवू? डोक्यावरून आंघोळ केली, तुकडे मांजराला घातले. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही."

कमलाक्षीला वाटलं, ही सगळी वाळू आत्ताच्या आत्ता आपल्यावर ओढून घ्यावी. तिला रडू आलं आणि ते सकाळपासून तयार ठेवलेल्या रडण्यासारखं नव्हतं. काकांना मात्र एव्हाना वास लागला होता. त्यांनी मडकं ओढलं, आत पाहिलं. मग जीवरक्षकाच्या मिशीकडे पाहिलं, आणि रघुनाथच्या खाली घातलेल्या मानेकडे. एक्याण्णव वर्षं भावकीत काढलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मी मेलंय असा समजान तुमी हुमण खाल्लास. आनी तुमी मेलास असा समजान मी इसवण टाकली."

"काका, चुकला माझा," कमलाक्षी म्हणाली. "ह्यांचो काय दोष नाय. मीच फोन उचलूक दिलंय नाय."

 काकांनी एक पाव घेतला, त्याचा तुकडा मोडला आणि मडक्याच्या तळाला आटून चिकटलेलं हुमण निपटून तोंडात घातलं. सगळेजण त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, जीवरक्षकसुद्धा. काकांनी दुसरा तुकडा मोडला, तिसरा मोडला.

"सुदेश," ते शेवटी म्हणाले. "ऐकान ठेव. मी गेलंय काय दिवचलीक फोन लगेच करूचो नाय. आधी मनीषाक विचारूचा, हिणे काल हुमण केल्ला काय. केला आसात तर थांबूचा. दुपारचा जेवण होवंदी, मगे सांगूचा."

कमलाक्षीने पदराने नाक पुसलं. "तर मगे मी आता रोज हुमण करतंय, काका," ती म्हणाली. "बघतंय तुमी कसे जातास ते."

"कर," काका मडक्यात हात घालून म्हणाले. "सोमवार तेवढो सोड. सोमवारी शिवराक."